भट्टीत न गेलेली माती

भट्टीवाल्याची बायको गोगलगायींची अभ्यासक होती. यावर कुणाला हसू येत असेल तर त्याने आत्ताच हसून घ्यावं. लग्न ठरलं तेव्हा भट्टीवाला स्वतःही भरपूर हसला होता. मुलगी संग्रहालयात नोकरीला आहे एवढंच त्याच्या कानावर आलं होतं, त्यावरून दाराशी तिकिटं फाडत असेल अशी त्याने समजूत करून घेतली. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून काडेपेटी काढली, उघडून त्याच्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "शिंकू नका हं." आत कापसावर तिळाएवढे शंख मांडलेले होते. तिने भिंग पुढे केलं. त्या तिळांवर त्याला वळसे दिसले, वळशांवर बारीक कंगोरे दिसले, एकाच्या तोंडात तर चक्क दात दिसले. इतकं सुबक काम माणसाच्या हातून होत नाही, हे त्याला कळत होतं, कारण तो रोज हातानेच काम करणारा माणूस होता. त्या दिवसापासून तो तिच्या बाजूचा झाला.

खाली बेकरी, वर घर. पुढे काउंटरवर भट्टीवाल्याची धाकटी बहीण बसायची, तिची जीभ ब्रेड कापायच्या सुरीहून धारदार होती. गल्लीत बायकोला सगळे गोगलबाई म्हणत. ती चालायची हळू, बोलायची हळू. तिला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत आपला प्रश्नच चुकला की काय, अशी विचारणाऱ्याला शंका यायची. पण अशी हळूहळू चालत तिने थेट भट्टीपर्यंत मजल मारली होती.

तिच्या कामाची रीत अशी. चुनखडीच्या कड्याच्या पायथ्याला साचलेली माती पोत्यात भरून आणायची. खडखडीत वाळवायची, चाळायची आणि पाण्याच्या बादलीत टाकून ढवळायची. माती आणि खडे तळाला बसतात. रिकाम्या शंखांत हवा असते, म्हणून ते तरंगतात. ते चहाच्या गाळणीने वर काढायचे, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. तळाचा गाळ फेकून द्यायचा. जगभरातली गोगलगायींची माणसं असंच करतात. अडचण एवढीच होती, की माती लवकर वाळायची नाही. गच्चीवर पसरली तर वारा उडवून नेई, नाहीतर शेजारची मांजर तिचा भलताच उपयोग करी.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी भट्टीवाल्याने तोड काढली. सकाळचा माल निघाला की भट्टी बराच वेळ गरम राहते. त्या उबेत मातीचे ट्रे सरकवायचे. दुपारपर्यंत माती रव्यासारखी मोकळी! बायकोने तोंडभरून कौतुक केलं. तिच्या कामात त्याचा हा एवढाच हात लागला होता, पण त्याचा त्याला कोण अभिमान. गिऱ्हाइकांनाही तो सांगे, "आमची भट्टी विज्ञानाच्या कामाला येते."

"विज्ञान कसलं," बहीण काउंटरवरून म्हणायची. "गोगलगाय अन् पोटात पाय. आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, आता दादाची अख्खी भट्टी गिळून बसलीय. वहिनी, कुणाच्या दाताखाली खडा आला ना, तर मी त्याला सरळ वर पाठवणार."

"पाठवा ना ताई," गोगलबाई शांतपणे म्हणायची. "खडा फेकून देऊ नका म्हणावं. शंखही असू शकतो."

गावाबाहेर चुनखडीची एक टेकडी होती. अशा टेकड्यांवर गोगलगायींचा फार जीव, कारण शंख बांधायला चुना लागतो. आणि टेकडी सोडून त्या जाणार तरी कुठे? मधलं मैदान ओलांडायचं म्हणजे त्यांच्यासाठी समुद्र ओलांडणं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच टेकडीवर राहून प्रत्येक टेकडीची गोगलगाय वेगळी होत जाते, इतकी वेगळी की शेजारच्या टेकडीवरची तिला सोयरीक म्हणूनही चालणार नाही. या टेकडीच्या दक्षिण अंगाला एक उभी भेग होती. तिच्या तळाशी गोळा केलेल्या मातीत गोगलबाईला एक शंख मिळाला. तीन वळसे नीट गेलेले, आणि चौथा मध्येच बिनसल्यासारखा वेगळा निघून तोंड आभाळाकडे करून बसलेला. तिने जुने ग्रंथ पालथे घातले, दूरदेशींच्या जाणकारांना फोटो पाठवले, त्यांच्या कपाटांतल्या शंखांशी वळसा नि वळसा ताडून पाहायला लावला. यात किती ऋतू गेले ते भट्टीवाल्याला सांगता आलं नसतं. एका सकाळी ती ब्रेडचे साचे लावलेल्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ही कुणाचीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आजवर कुणी पाहिलेली नाही. नवीन आहे. जगात फक्त इथेच."

भट्टीवाल्याचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तसाच तो तिच्याकडे बघत राहिला. ज्या टेकडीकडे सगळं गाव जन्मभर पाठ करून राहिलं, तिथे या बाईने वाकून वाकून एक अख्खी जात शोधून काढली होती, आणि सांगताना आवाज एवढासुद्धा चढवला नव्हता. त्याला वाटलं, रस्त्यावर जाऊन ओरडावं. मग तो खरंच गेला आणि ओरडला. समोरच्या न्हाव्याने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

पण आनंदाला गालबोट लागलंच. टेकडीच्या उत्तर अंगाला खाण होती, परवान्याची. खाणवाल्यांनी हद्दीचे दगड हळूहळू सरकवत दक्षिण बाजू कुरतडायला घेतली होती. कागदावर टेकडी साबूत होती. प्रत्यक्षात तिचा निम्मा घास झाला होता. गोगलबाईने तक्रार केली. आधी कुणी दाद दिली नाही. मग नवीन जातीचा लेख छापून आला, तेव्हा एक तपासणी अधिकारी नेमला गेला. त्याने तिला आणि खाणवाल्यांच्या वकिलाला समोरासमोर बसवलं.

वकिलाने काडेपेटीतले शंख पाहिले आणि हसून म्हणाला, "साहेब, हे रिकामे आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे असतील, हजार वर्षांपूर्वीचे असतील. बाईंनी एक तरी जिवंत पाहिलीय का, विचारा."

अधिकाऱ्याने विचारलं. गोगलबाई नेहमीसारखी थांबली आणि खरं ते बोलली, "नाही."

"मग मेलेल्यांना वाचवायला टेकडी कशाला?" वकील म्हणाला.

अधिकारी माणूस सरळ होता. त्याने तिला बाहेर जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं, "बाई, हद्दीचा खटला चालेल, पण निकाल लागेपर्यंत टेकडी उरायची नाही. माझ्या हातात एकच गोष्ट आहे. जगात दुसरीकडे नसलेला जीव तिथे जिवंत आहे असं मी डोळ्यांनी पाहिलं, तर जागच्या जागी काम थांबवता येतं. सोमवारी मी टेकडीवर येतोय. मला एक जिवंत दाखवा."

त्या दिवसापासून नवरा-बायको टेकडीवर राहायलाच गेल्यासारखे झाले. या नव्या गोगलगायीच्या झाडून सगळ्या चुलत-मावस बहिणी खडकावर राहतात, ओल्या सावलीच्या दगडाला चिकटून. म्हणून गोगलबाई खडकच धुंडाळत होती. ती कड्याला नाक लावून इंच इंच पुढे सरके, भट्टीवाला मागून बॅटरी धरी. खडकावर खाणीची पांढरी धूळ बसलेली. दुसऱ्या जातीच्या गोगलगायी दिसल्या, ही नाही. पलीकडे यंत्राची धडधड चालूच होती, आणि प्रत्येक धक्क्याला भेगेतून मातीचा भुगा ओघळत होता. भट्टीवाल्याची कंबर मोडून आली. बायकोला "बस कर" म्हणायचं त्याच्या जिभेवर यायचं आणि तिचा चेहरा पाहून तो मूग गिळून गप्प बसायचा.

शेवटी भेगेच्या तळची माती पुन्हा आणली, नेहमीच्या रीतीने भट्टीत वाळवली, बादलीत ढवळली. वर तरंगले ते सगळे रिकामे शंख. गोगलबाई त्यांच्याकडे बघत बसली. भट्टीवाला गाळ ओतायला बादली उचलू लागला तशी ती म्हणाली, "राहू द्या. आज तोही बघते. दुसरं बघण्यासारखं काय उरलंय?"

चिमूट चिमूट गाळ तिने सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. खालून बहिणीची आणि गिऱ्हाइकाची हुज्जत ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने गोगलबाईचा ब्रश थांबला. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा भट्टीवाल्याला ओळखू येईना. आनंद झालाय की कुणी गेलंय, काही कळेना.

"अहो, याला झाकण आहे."

"मग?"

"या गोगलगायी आत गेल्या की तोंडाला झाकण ओढून घेतात. ती मेली, आतली कुडी सडली, की झाकण गळून पडतं. जुन्या शंखाला झाकण कधीच नसतं." तिने पुन्हा खाली पाहिलं. "आत अंग आहे, सुकलेलं. ही या आठवड्यात जिवंत होती."

"अगं मग बरंच झालं की!"

"जिवंत होती," गोगलबाई म्हणाली, "ट्रे भट्टीत जाईपर्यंत."

भट्टीवाला तिथेच, वर आणून ठेवलेल्या मैद्याच्या पोत्यावर बसला. ही खडकावर राहणारी नव्हतीच. मातीत, मुळांच्या जाळ्यात राहणारी होती. हे दोघं कड्यावर डोळे फोडत होते आणि ती त्यांच्याच पोत्यातून त्यांच्या घरी येत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, आणि कळसाही कसला, रोज भट्टीत घातलेला. रिकामे शंख हलके म्हणून वर येत आणि कौतुकाने काडेपेटीत जात. भरलेले जड म्हणून तळाला जात आणि गाळाबरोबर गटारात. उन्हात वाळवली असती तर निदान पळून तरी गेल्या असत्या. विज्ञानाच्या कामाला येणारी भट्टी!

"माझी अक्कल," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं तुला भट्टीचं."

"तुम्ही भट्टी दिली. काय वाळवायचं आणि काय नाही, हे मला कळायला हवं होतं." तिचे डोळे भरले होते. तिने पदराने, मग ब्रश पुसायच्या फडक्याने डोळे पुसले आणि उठली. "रडायला सोमवारनंतर वेळ आहे. चला, माती आणायची."

या वेळची माती भट्टीत गेली नाही. बेकरीत पीठ फुगवायची एक खोली असते, दमट आणि कोमट. तिथे ट्रे मांडले, वर पिठावर टाकतात तसली ओली फडकी टाकली. बहीण दारात कमरेवर हात देऊन उभी राहिली. "छान. आता फुगेल माती, आणि लोकांना देऊ सकाळी." पण तिने दुकानाची घंटा काढून ठेवली आणि पाव घ्यायला आलेल्यांना आवाज खाली ठेवायला लावला. कारण विचारलं तर सांगायची, "आत बाळंतपण आहे."

गोगलबाई ट्रेपाशी स्टूल टाकून बसली. भट्टीवाला काम करता करता डोकावून जाई. इतकं सगळं झाल्यावर दुसरं कुणी कपाळ बडवत बसलं असतं, खाणवाल्यांच्या नावाने बोटं मोडली असती, निदान नवऱ्यावर तरी डाफरलं असतं. ही बाई फडक्याचा एकेक कोपरा उचलून त्याची उलटी बाजू भिंगाने वाचत होती, आणि संपलं की पहिल्या कोपऱ्यापासून पुन्हा. त्याने आयुष्यभर यीस्टच्या तालावर दम धरला होता, पण असा दम त्याने पाहिला नव्हता. आपल्या वाट्याला ही कशी आली, याचं त्याला त्या खोलीच्या दारात उभ्या उभ्या नव्याने आश्चर्य वाटलं.

रविवारी गोगलबाईला बसल्या जागी डुलकी लागली होती. बहीण चहा घेऊन आत गेली आणि तिची किंकाळी रस्त्यापर्यंत पोचली.

"वहिनी! तीळ चालतोय!"

फडक्याच्या उलट्या बाजूने एक तीळ खरंच चालत होता. आभाळाकडे तोंड केलेला शंख पाठीवर आडवा टाकून, काचेसारखं अंग पुढे सारत, दोन पांढुरकी शिंगं चाचपडत. गोगलबाई हात तोंडावर ठेवून बघत राहिली. काही वेळाने आणखी एक दिसला, मग कोपऱ्यात तिसरा. भट्टीवाल्याच्या डोळ्यांना धार लागली आणि त्याने ती पुसलीही नाही. बहिणीने चहा जमिनीवर ठेवला आणि तीही ट्रेपाशी वाकली.

सोमवारी टेकडीवर बरीच माणसं जमली. अधिकारी आला, वकील आला, खाणीचा मुकादम आला. गोगलबाईने बशीत ओली माती घेऊन एक गोगलगाय आणली होती. बाकीच्या दोघी तिने आधीच भेगेत सोडल्या होत्या. बशी सपाट दगडावर ठेवली. अधिकारी भिंग घेऊन वाकला. शंख निपचित पडलेला.

"रिकामा," वकील म्हणाला.

"झाकण लावून बसलीय," गोगलबाई म्हणाली. "यंत्र चालू आहे, जमीन हादरतेय. अशी ती बाहेर येणार नाही."

"आता गोगलगायीच्या मर्जीवर खाण चालायची का?"

अधिकाऱ्याने मुकादमाकडे पाहिलं. "तपासणी होईपर्यंत बंद करा."

यंत्र थांबलं. टेकडीवर अशी शांतता पसरली की गावातली सायकलची घंटासुद्धा ऐकू आली. सगळे बशीभोवती उकिडवे बसले. काही होईना. वकील घड्याळ बघू लागला, मग त्याने नेमका नको तो प्रश्न काढला. "बाई, एवढी वर्षं तुम्हाला सगळ्या रिकाम्याच मिळाल्या आणि नेमकी आज ही जिवंत? हा काय चमत्कार?"

भट्टीवाल्याने बायकोकडे पाहून डोळ्यांनी विनवलं. हात दाखवून अवलक्षण कशाला? काहीतरी सांग, ऋतूचं सांग, पावसाचं सांग. गोगलबाई थांबली, नेहमीइतकीच थांबली.

"चमत्कार नाही," ती म्हणाली. "ही मातीत राहते. मी माती भट्टीत वाळवत होते, त्यात त्या मरत होत्या. मला गेल्या आठवड्यात कळलं."

"भट्टी माझी होती, साहेब," भट्टीवाला उठून उभा राहिला. "कल्पनाही माझीच."

"खाली बसा हो," अधिकारी म्हणाला. "ती घाबरेल."

वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे साहेब, खाणीने जेवढ्या मारल्या नसतील तेवढ्या या बाईंनी मारल्या! आणि याच आम्हाला शिकवणार!"

हे वाक्य भट्टीवाल्याला मैद्याच्या पोत्यावर बसला होता तेव्हापासून ऐकू येत होतं. तेच आता चारचौघांत कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. त्याचे कान तापले. पण गोगलबाईने मान खाली घातली नाही.

"हो, मारल्या," ती म्हणाली. "कळलं त्या दिवशी थांबले. पुढच्या लेखात तसं छापणार आहे, म्हणजे दुसरं कुणी असं करणार नाही. तुम्हालाही आज कळेल."

वकील काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात अधिकाऱ्याने हात वर केला. तो आता चक्क पालथा झोपला होता, इस्त्रीच्या शर्टाला चुना फासत. बशीत झाकण किलकिलं झालं होतं. आधी एक शिंग आलं, बराच वेळ हवेत फिरलं, आणि मग दुसरं. मग काचेसारखं अंग बाहेर सरकलं, आणि तो वाकडा शंख एकदम उठून उभा राहिला. यंत्राचा चालक खाली उतरून मागे येऊन उभा राहिला होता, तो हळूच म्हणाला, "आईशप्पथ."

अधिकाऱ्याने फोटो घेतले. उठला, गुडघे झटकले, आणि मुकादमाला म्हणाला, "यंत्र सुरू करायचं नाही. ना इकडे, ना तिकडे. हुकूम संध्याकाळपर्यंत हातात मिळेल." मग गोगलबाईकडे वळून म्हणाला, "याच्यावर अपील होईल, माहितीये ना?"

"होऊ द्या," ती म्हणाली. "आता माणसांनी पाहिलीय."

वकील फोन कानाला लावून उतरू लागला. गोगलबाईने बशी दोन्ही हातांवर घेतली आणि भेगेकडे निघाली, नेहमीपेक्षाही हळू. भट्टीवाला शेजारून चालत होता. इतकी वर्षं तिच्या कामाची रीत पाहिल्यामुळे त्याला माहीत होतं, की नव्या जातीचा एखादा जीव अंगासकट अल्कोहोलच्या बाटलीत जपावा लागतो. त्याशिवाय आतल्या अवयवांचा अभ्यास होत नाही. त्याच्या खिशात ती बाटली सकाळपासून तयार होती. त्याने ती काढून पुढे केली.

गोगलबाईने बाटलीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नको. भाजलेल्या आहेत ना माझ्याकडे, गाळात. पाण्यात भिजवून हळूहळू उलगडेन. अभ्यास त्यांचाच करायचा, दुसऱ्या कुणाचा नाही."

तिने बशी भेगेच्या तोंडाशी तिरपी टेकवली आणि हात मागे घेतला. गोगलगाय बशीच्या काठापर्यंत आली, थांबली, शिंगांनी दगड चाचपला. ती उतरून मातीत शिरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले. खाली चालकाने यंत्राची किल्ली मुकादमाच्या हातात दिली आणि तो घरी निघाला.